दादाच्या नावाची पाटी

वैशू,

तुझ्यावर चिडायचं नाही, असं मला घरातल्या आणि दारातल्या सगळ्यांनी बजावलंय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणे. मी वाईट बोलत नाहीये, भांडतेय. आणि आपण दोघी भांडायचो हे इंदापुरात कुणाला नवीन नाही. नणंद-भावजयीचं भांडण म्हटलं की लोकांना चूल आठवते, आपली भांडणं लाल रंगावरून व्हायची. लग्नपत्रिकेचा लाल कुंकवासारखा हवा की विटेसारखा, यावरून आपण एकदा अख्खा दिवस बोललो नव्हतो आणि संध्याकाळी आई म्हणाल्या होत्या, "दोगी बी येड्या हायसा. लोकं लाल बघत्यात का तारीख?" आपण दोघी एकदमच हसलो आणि भांडण तसंच अर्धं राहिलं.

तेराव्याचा मांडव निघाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मला आता कुठं नीट राग यायला लागलाय. आधीचे दिवस रडण्यात गेले. पहिला राग तुझ्या तापाचा. ऐन लगीनसराईत तुला ताप आला आणि तू तो अंगावर काढलास. गोळी घ्यायची, डोक्याला ओढणी गच्च बांधायची आणि पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसायचं. मी म्हणाले, चल दवाखान्यात. तू म्हणालीस, "एवढ्या पत्रिका हातावेगळ्या करू द्या वहिनी, मग बघू." सगळ्यांची लग्नं वेळेवर लागली. तुला बारामतीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही आणलंत? मी तुझ्याकडं बघितलं आणि तू डोळे मिटून घेतलेस. तुला ग्लानी आली होती की माझी नजर चुकवायची होती, ते मला आता कोण सांगणार.

पण तापाचं राहू दे. माझा खरा राग त्या पाटीवर आहे.

तू बारामतीहून संसार सोडून परत आलीस तेव्हा तुझ्याबरोबर एक कपड्यांची बॅग आणि एक कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटर तू मांडीवर घेऊन आली होतीस. डिझाईनचा कोर्स तू लग्नाआधी बारामतीत केला होतास, आणि तिकडच्या घरात कुणी तुला त्या कॉम्प्युटरला हात लावू दिला नव्हता, एवढंच तू आम्हाला सांगितलंस. बाकी काय झालं ते सांगितलं नाहीस आणि आम्ही विचारलंही नाही. महिन्याभरात तू स्टँडच्या मागच्या रस्त्याला गाळा शोधलास. प्लायवूडचं पार्टिशन घालून त्याचे दोन भाग केलेस. बाहेर गिऱ्हाइकांचा बाक आणि एक टेबल, आत तू. पाटी रंगवणारा आला आणि त्यानं नाव विचारलं. तू क्षणभरही थांबली नाहीस. तुझ्या दादाचं नाव आणि पुढं 'ग्राफिक्स'.

मी तिथंच उभी होते. म्हणाले, "अगं, आणि तू?"

"मी आत बसणार की," म्हणालीस.

तुझा दादा, म्हणजे माझा नवरा, भवानीनगरला कारखान्यात नोकरीला. त्याला डिझाईनमधलं ओ की ठो कळत नाही. संध्याकाळी ड्यूटी संपवून यायचा, तोंडावर पाणी मारायचा, बाहेरच्या खुर्चीत बसायचा आणि लोकांना "होऊन जाईल" म्हणायचा. लोक त्याला सांगायचे काय हवंय ते, तो आत येऊन तुला सांगायचा. तू ते पार्टिशनमागून आधीच ऐकलेलं असायचं आणि निम्मं करूनही झालेलं असायचं. तरी त्याचं सगळं सांगून होईपर्यंत तू मान हलवत बसायचीस. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पाटीवरून आपण किती वेळा भांडलो असू! शेवटी एकदा तू वैतागलीस आणि माउस टेबलावर आपटलास. "कुठलं आडनाव लावू सांगा वहिनी. सासरचं लावलं तर ते म्हणतील, आमचं नाव वापरती. माहेरचं लावलं तर गाव म्हणंल, ही नवऱ्यानं टाकलेली. दादाचं नाव लावलं की कुणी काय इचारत न्हाय. काम द्यायचं आन जायचं."

"मग नुसतं वैशाली लाव. आडनाव कशाला पाहिजे?"

"नुसत्या वैशालीला कोण काम देतंय?"

तू पुन्हा माउस उचललास आणि कुणाच्या तरी जावळाच्या पत्रिकेत बाळाचं टोपडं नीट करत बसलीस.

आणि असं नाही की तू गरीब गाय होतीस. तू गरीब असतीस तर मला एवढा राग आलाच नसता. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांचे फोटो असतात ना, तिथं कुणाचं डोकं कुणापेक्षा लहान झालं यावरून पोरं दुकानात येऊन राडा घालायची. एकजण तर फूटपट्टी घेऊन आला होता. त्यानं प्रिंटवर स्वतःचं डोकं मोजलं, शेजारच्याचं मोजलं आणि तुझ्या दादाला म्हणाला, "सुभाषराव, ह्ये चालायचं न्हाय." तुझा दादा लागला सारवासारव करायला. आतून तुझा आवाज आला, "एवढं डोकं मोठं केलं तर साहेबांच्या छातीवर येईल. साहेबांना इचारून या, चालतंय का." पोरगा फूटपट्टी खिशात घालून निघून गेला. कामाच्या बाबतीत तुझी जीभ अशी चालायची. स्वतःचं नाव घ्यायची वेळ आली की मात्र दातखीळ बसायची तुझी.

कळस गावचे तात्या आठवतात ना? आठवत असणारच, त्यांच्या डाळिंबाच्या खोक्यापायी तू मला उन्हातान्हात त्यांच्या बागेत नेलं होतंस. आपल्याकडं खोकी छापून देणाऱ्या सगळ्यांकडं एकच डाळिंब. नेटवरून उतरवलेलं, पाण्याचे थेंब असलेलं, अर्धं चिरलेलं. निम्म्या तालुक्याचा माल एकाच डाळिंबाच्या चित्राखाली पुण्याच्या मार्केटला जायचा. तुला ते बघवायचं नाही. तू म्हणायचीस, ज्याची बाग त्याचं फळ. बागेत जायचीस, झाडाखाली उकिडवी बसायचीस, चार फळं मागून आणायचीस आणि ती टेबलावर ठेवून आठवडाभर चितारायचीस. तात्यांना वाटायचं, सुभाषरावांनी बहिणीला फळं न्यायला पाठवलंय. ते मायेनं आणखी दोन जास्तीची द्यायचे, "खा गं पोरी," म्हणून.

खोक्याचा नमुना बघायला तात्या आले तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाहेर तात्या, समोर तुझा दादा. आत आपण दोघी. तात्यांनी नमुना दारात नेऊन उन्हात धरला आणि त्यांचा आवाज चढला. "आवो, ह्यो वरखडा कशाला काढला फळावर? माझा माल एक लंबर हाय."

तुझा दादा उठून आत आला. हळूच म्हणाला, "काय सांगू?"

तू म्हणालीस, "सांग त्यांना, पान घासून एवढा वरखडा प्रत्येक फळाला असतो. खोक्यावर चकचकीत दाखवलं आणि आत वरखडा निघाला तर दलाल तोंड वाकडं करतो. खोक्यावरच दाखवला तर कोण बोलणार?"

तो बाहेर गेला आणि तुझं वाक्य त्यानं जसंच्या तसं तात्यांपुढं ठेवलं. पोपटही मध्ये एखादी शीळ घालतो, यानं तेवढीही घातली नाही. तात्यांनी नमुना पुन्हा उन्हात धरला. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "आयला! सुभाषराव, डोकं हाय तुमचं."

आत तू तोंडावर हात धरून हसत होतीस. तुझे खांदे हलत होते. मी तुला चिमटा काढला, जोरात काढला, आणि तुला तो लागलाही, पण तू हसतच राहिलीस. तुला त्यात गंमत वाटायची. मला कधीच वाटली नाही. त्या हंगामानंतर तात्या सांगत आले की मार्केटात त्यांचं खोकं लांबून ओळखू येतं, हमालसुद्धा ओळखतात. तेही त्यांनी तुझ्या दादालाच सांगितलं.

कौतुक सगळं बाहेरच्या खुर्चीत. आणि चूक झाली की? ते पत्रिकेचं प्रकरण तुला तेव्हाही झोंबलं होतं, नाही म्हणू नकोस. एका घरातल्या थोरल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आपल्याकडं होती, तीच उघडून धाकट्याची केली. नावं बदलताना त्या घरातल्या एका चुलत्याच्या नावाआधी भलतीकडचं 'कै.' चिकटून राहिलं. घरच्यांनी बघून बरोबर आहे म्हणून सांगितलेलं, तरी छापून आल्यावर चुलते स्वतः दुकानात हजर. भारदस्त माणूस, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "नीट बघा मला. मी मेलोय व्हय?" बाकावरची सगळी हसायला लागली. तुझ्या दादानं पटकन पार्टिशनकडं हात केला. "बायकांच्या हातनं झालं आबा. मी असतो तर झालं नसतं."

मी बाहेर जायला उठले होते. तू माझा पदर धरलास. अक्षरशः धरलास, पिन तुटली माझी. "जाऊ द्या वहिनी. चार माणसांत त्याचं कशाला काढता?" आणि तुझं चार माणसांत काढलं त्याचं काय? तू दुसऱ्या दिवशी त्या चुलत्यांच्या घरी नवीन पत्रिका घेऊन गेलीस, चहा पिऊन आलीस आणि त्यांच्या सुनेला कुठली पैठणी घेतली ते मला सांगत बसलीस.

पण बारामतीतल्या त्या शालीबद्दल मी तुला माफ करणार नाही. शेतीच्या प्रदर्शनात तात्यांच्या डाळिंबाचा स्टॉल लागला होता. कुणातरी बाहेरच्या व्यापाऱ्याला खोकं फार आवडलं. हे कुणी केलं, त्यांना बोलवा म्हणाला. तात्यांनी कौतुकानं तुझ्या दादाला स्टेजवर चढवलं. शाल, नारळ, टाळ्या. आपण दोघी खुर्च्यांच्या मागच्या रांगेत होतो. मला वाटलं, आता तरी हा माईक घेईल आणि एक वाक्य बोलेल. त्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "तुमचं प्रेम असंच राहू द्या." मी तुझ्याकडं बघितलं. तू टाळ्या वाजवत होतीस. मनापासून वाजवत होतीस, त्याचं मला जास्त लागलं.

येताना तो मित्राच्या गाडीतून गेला आणि आपण एसटीनं. गाडीत मी तुला काय काय बोलले! कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं. तू खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होतीस. शेवटी म्हणालीस, "वहिनी, दादानं त्या वक्ताला मला घरात घेतलं. तुमी दोघांनी. कुणी एक शब्द बोललं न्हाय. आता त्यानं खुर्चीत बसून दोन माणसात मान मिळवला तर माझं काय जातंय?"

"तुझंच जातंय," मी म्हणाले.

"माझं काम माझ्याकडंच राहतंय की. ते कोण नेतंय?"

घरी आल्यावर त्यानं ती शाल तुला दिली. "तुझीच आहे," म्हणाला. घरात, दार लावून. तू ती घेतलीस आणि त्या थंडीत रोज अंगावर घेऊन काम केलंस, ऊब चांगली आहे म्हणून. मला त्या शालीला काडी लावावीशी वाटायची.

आता एक गोष्ट रागात बसत नाही ती सांगते, नाहीतर तू म्हणशील वहिनी एकतर्फी बोलते. मला तू खुर्चीत बसवलंस. दहावीला नापास झालेली बाई मी, लग्न होऊन भाकऱ्या थापायला आलेली. माझं बाळ पाळण्यात झोपलं की तू मला हाक मारायचीस. माउस धरायला शिकवलास तेव्हा माझा हात तुझ्या हाताखाली होता. आधी नावं टाइप करायला दिलीस, मग फोटो कापायला, मग अख्खी पत्रिका. म्हणायचीस, "वहिनी, जागा मोकळी सोडायला शिका. भरायला सगळ्यांनाच येतंय." माझ्या पहिल्या पत्रिकेत मी चारी कोपऱ्यांत पोपट बसवले होते. तू हसली नाहीस. बराच वेळ बघून म्हणालीस, "पोपट राहू द्या. पण एकच."

ती पत्रिका छापून आल्यावर तू बाहेर जाऊन बाकावरच्या सगळ्यांना दाखवलीस. "ही आमच्या वहिनींनी केलीय." माझ्या माहेरी फोटो पाठवलास. माझ्या वडिलांना फोन करून सांगितलंस. पाहुण्यांत, गल्लीत, गिरणीवर, जिथं जाशील तिथं माझं नाव घेत सुटलीस. माझे वडील अजून ती पत्रिका देव्हाऱ्याशेजारी ठेवतात. तुझ्यामुळं मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काही येतं. म्हणजे नाव घेतल्यानं माणसाचं काय होतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं. मग स्वतःच्याच बाबतीत कुठं गेली होती अक्कल?

दशक्रियेला घाटावर भाषणं झाली. तालुक्यातले ते पुढारी आले होते, ज्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तू दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला पुसून द्यायचीस. त्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "सुभाषरावांसारखा भाऊ सगळ्या बहिणींना मिळो. संसार मोडलेल्या बहिणीला त्यांनी आसरा दिला, आपल्या दुकानात हाताला काम दिलं. आज त्यांचा उजवा हात गेला." लोकांनी माना डोलावल्या. मी बायकांत बसले होते. उठावं, माईक हिसकावून घ्यावा आणि ओरडावं असं वाटलं. आपल्याकडं दशक्रियेला बाई बोलत नाही. मी उठले नाही. शेजारी आई पदरात तोंड घालून बसल्या होत्या. मला वाटलं रडतायत. त्या पदरातून म्हणाल्या, "ह्यो मेला काय बोलतोय? माझ्या लेकीचं दुकान हाय ते." आईंना सगळं माहीत होतं, वैशू. त्यासुद्धा इतकी वर्षं गप्प बसल्या.

तुझा दादा पहिल्या रांगेत, मुंडण केलेलं, खाली बघत. त्यानं मान वर केली नाही.

घरी आल्यावर मी त्याला सोडलं नाही. "अहो, तुम्ही का बोलला नाहीत?"

"अशा वेळी काय बोलायचं?"

"खरं बोलायचं."

"तिलाच नको होतं. तिनंच पाटी लावली माझ्या नावाची. मी मागितली होती का?"

"ती नको म्हणाली ते तुम्हाला बरं ऐकू आलं," मी म्हणाले. "बाकीचं इतकी वर्षं पार्टिशनमागं राहिलं."

तो ताटावरून उठून गेला. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा तुझा जास्त राग आला. कारण तो म्हणाला ते खोटं नव्हतं. तू त्याला ती पळवाट बांधून दिलीस. स्वतःच्या हातानं, रंगवून.

मग गाळ्याचा विषय निघाला. तुझा दादा म्हणाला, आता ते कोण चालवणार, देऊन टाकू. मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण घ्यायला तयार आहे. मी म्हणाले, मी आहे की. तो म्हणाला, "तू हाताखाली होतीस. लोकांना वाटतं मी करतो. मला येत नाही म्हटल्यावर कोण येणार? आणि आता मी काय तोंडानं सांगू?" मला झोप लागेना. गाळा गेला की संपलं. मग इंदापुरात एवढंच उरणार की सुभाषरावांचं एक दुकान होतं, चांगलं चालायचं, बहीण गेल्यावर त्यांचं मन लागेना म्हणून बंद केलं. तुझी डाळिंबं, तुझी टोपडी, तुझा तो विटेसारखा लाल, सगळं त्याच्या नावावर जमा होऊन मातीत जाणार. आणि मी परत पोळपाटाशी. मला भीती वाटत होती, वैशू, आणि भीती वाटली की मी जास्तच चिडते हे तुला माहीत आहे.

काल सुट्टीचा दिवस. कव्हरवाल्याला गाळा दाखवायचा म्हणून तुझा दादा सकाळीच दुकानात आला. मी आत तुझ्या खुर्चीत बसून फडक्यानं की-बोर्ड पुसत होते. कव्हरवाला यायच्या आधी तात्या आले. तहसीलला काम निघालं होतं, तिथं कचेरी बंद आहे हे त्यांना इथं आल्यावर कळलं, तर वाट वाकडी करून आपल्याकडं आले. बाकावर बसले, टोपी मांडीवर घेतली.

"लई वंगाळ झालं," म्हणाले. "पोरगी गुणी व्हती. कवाबी आलं तरी पाणी इचारायची."

पाणी. इतक्या वर्षांत तात्यांनी तुझ्याबद्दल जे काही बघितलं, त्यात सांगण्यासारखं एवढंच होतं. माझा हात की-बोर्डवर थांबला.

तात्याच पुढं म्हणाले, "बरं सुभाषराव, दुखात हायसा, घाई न्हाय. पर औंदा भगव्या डाळिंबाच्या जोडीनं पोरानं पेरू लावलाय. त्याचं येगळं खोकं करायचं हाय. तुमच्याच हातचं पायजे. दुसऱ्याकडं मी जायचा न्हाय."

मी पार्टिशनच्या फटीतून बघत होते. तुझ्या दादानं टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. सवयीनं उठला. आत येऊन "काय सांगू?" विचारायला उठला होता तो, मला पक्कं कळलं. दारापर्यंत आला. आत मी होते, तुझ्या खुर्चीत. मी त्याच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं नाही. काही म्हणजे काही सांगितलं नाही त्याला. तो तिथंच उभा राहिला. मग त्याचा चेहरा असा काही झाला की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तसा तो मी कधी पाहिला नव्हता. तो वळला.

"तात्या," तो म्हणाला, "मला ह्यातलं काय येत न्हाय."

"आँ?"

"कवाच येत नव्हतं. सगळं ती करायची. तुमचं खोकं, वरखडा, ते दलालाचं... सगळं तिचं. मी नुसता बाहेर बसायचो."

तात्या त्याच्याकडं बघत राहिले. मग पार्टिशनकडं. बाहेर स्टँडवर सोलापूरच्या गाडीची घोषणा चालली होती.

"म्हंजे," तात्या हळूहळू म्हणाले, "मी तिला कवा एकदाबी चांगलं म्हणलोच न्हाय की."

तुझा दादा खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. घाटावर रडला नव्हता. तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला ते बरं वाटलं. मला त्याची दयासुद्धा आली, पण तू दाखवली असतीस तेवढी नाही. एका गिऱ्हाइकापुढं, रिकाम्या दुकानात, तू गेल्यावर सांगितलं त्यानं. तुझ्या देखत सांगितलं असतं तर त्याचं काय जाणार होतं?

तात्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. मला वाटलं आता उठतील आणि जातील, आणि त्यांच्यामागं हे सगळं जाईल. ते उठले नाहीत. त्यांनी आवाज चढवून विचारलं, तुझ्या दादाला नाही, पार्टिशनला विचारल्यासारखं, "मग आता कोण करनार?"

मी पेरू कधी काढलेला नाही. मी तुझ्यासारखं चितारत नाही, मी नावं टाइप करते आणि फोटो कापते आणि एका कोपऱ्यात पोपट बसवते. मी बाहेर आले, पदर खोचला आणि म्हणाले, "मी."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बागंत कवा येताय?"

"उद्या," मी म्हणाले.

ते गेल्यावर मी आत आले, दार लावलं आणि तुझ्यावर ओरडले. तुझा दादा बाहेर बसल्या जागी दचकला असेल. एवढंच होतं गं वैशू. कुणी विचारलं तर मान वर करायची आणि "मी" म्हणायचं. माझ्यासारखीच्या तोंडून निघालं ते. एवढंच म्हणायचं होतं तुला.